पुनरुत्थानाची ख्रिस्ती श्रद्धा : आशा आणि धैर्य
(चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेशाच्या संदर्भात)

प्रास्ताविक

मृत्यूनंतर काय, या प्रश्नाला जगातील बहुतेक धर्मांनी आपापल्या परीने उत्तर दिलेले आहे. ख्रिस्ती धर्माचे उत्तर ‘पुनरुत्थान’ या एका शब्दात सामावलेले असून मराठी वाचकाच्या दृष्टीने हा शब्दच पहिली अडचण ठरतो. काही वर्षांपूर्वी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवीत असताना ब्रह्मपुरीकडील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ख्रिस्ती लोक मेलेला माणूस उठतो म्हणतात, म्हणजे आपला पुनर्जन्मच ना?” प्रश्न साधा वाटला. त्यामागचे कारण मात्र तास संपल्यावर कळले. त्याच उन्हाळ्यात तिची काकू मोहफुले वेचावयास गेली असता वाघाच्या हल्ल्यात मरण पावली होती. तिने त्या वेळी दुसराही एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर तेव्हा देता आले नाही. त्याचा विचार लेखाच्या अखेरीस केला आहे.

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती समाज संख्येने अत्यल्प आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. तरीही पुनरुत्थानाच्या कल्पनेचा विचार याच प्रदेशाच्या संदर्भात करणे योग्य वाटते. येथे अवचित येणारा मृत्यू ही नित्याची गोष्ट आहे. वाघ, अस्वल, सर्पदंश, हिवताप आणि १९८० नंतरच्या दशकांतील नक्षलवादी हिंसा यांनी अनेक घरांतील माणसे अकाली नेली आहेत. अशा ठिकाणी आशेविषयी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही. या श्रद्धेचा प्रचार किंवा खंडन हा येथे हेतू नसून, ती माणसाला धैर्य देते ते नेमके कशाच्या बळावर, एवढेच समजून घ्यावयाचे आहे.

तीन शब्दांमधील अंतर

पुनर्जन्म, पुनरुज्जीवन आणि पुनरुत्थान हे तीन शब्द बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. पुनर्जन्मात देह टाकला जातो आणि जीव दुसऱ्या देहात जातो. त्या जन्मी जुने नाव, जुनी नाती उरत नाहीत. पुनरुज्जीवनात मेलेला माणूस त्याच देहात, त्याच आयुष्यात परत येतो. योहानाच्या शुभवर्तमानातील लाजराची कथा या प्रकारची आहे. चार दिवस कबरेत असलेला लाजर बाहेर आला खरा, परंतु पुढे केव्हातरी त्याला पुन्हा मरणे भागच होते. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाविषयीचा दावा या दोहोंहून वेगळा आहे. उठला तो तोच येशू होता, त्याच्या माणसांनी त्याला ओळखले; परंतु तो जुन्या आयुष्यात परतला नव्हता आणि मरणाची सत्ता त्याच्यावर उरली नव्हती, असे ही श्रद्धा सांगते.

आत्मा अमर आहे, या विचाराशीही पुनरुत्थानाची गल्लत होते. आत्मा मुळातच मरत नसेल तर मृत्यू ही फारशी गंभीर घटना ठरत नाही. याउलट ख्रिस्ती परंपरेने मृत्यूला शत्रू मानले आहे. लाजराला उठविण्यापूर्वी येशू त्याच्या कबरेपाशी रडला, ही नोंद या दृष्टीने बोलकी आहे. पुनरुत्थानाची श्रद्धा मृत्यू खरा मानते, आणि मग त्याच्या पुढची गोष्ट सांगते.

या विषयावरील सर्वांत जुने लिखित विवेचन म्हणजे संत पौलाने इ.स. ५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय होय. शुभवर्तमाने त्यानंतर लिहिली गेली. मेलेले कोणत्या देहाने उठतात, या प्रश्नावर पौल बियाण्याचा दाखला देतो. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप दिसावयास एक नाहीत, तरी रोप त्याच दाण्याचे असते. नागभीड, सिंदेवाही, आरमोरीकडील धान उत्पादकाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. पऱ्हे टाकताना मुठीतून गेलेला दाणा पुन्हा मुठीत येत नाही हे तो जाणतो. येथे एक सावधगिरी मात्र हवी. धान उगवते ते निसर्गनियमाने. पौलाच्या मते मृत देह उठतो तो ईश्वराच्या कृतीने. दाखला सातत्य आणि रूपांतर दाखविण्यापुरताच आहे.

न्यायाच्या प्रश्नातून जन्मलेली आशा

पुनरुत्थानाची कल्पना ख्रिस्ताच्या आधी ज्यू समाजात कशी रुजली, हे पाहिले म्हणजे तिच्यातील धैर्याचा उगम कळतो. इ.स.पूर्व १६७ च्या सुमारास सेल्युसिद राजा चौथा अँटिओकस याने ज्यूंच्या धर्माचरणावर बंदी घातली. जे धर्माशी एकनिष्ठ राहिले तेच मारले गेले. मग ईश्वराच्या न्यायाचे काय? दानिएलाच्या ग्रंथातील बाराव्या अध्यायात मातीत निजलेले जागे होतील ही आशा प्रकट होते, ती या पार्श्वभूमीवर. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात (कॅथलिक पंथ हा ग्रंथ बायबलमध्ये धरतो, प्रॉटेस्टंट पंथ धरत नाही) एक आई आणि तिचे सात मुलगे यांची कथा आहे. राजा त्यांचे अवयव तोडवितो, आणि त्यांच्यापैकी एक जण, हे हातपाय ईश्वराकडून मिळाले होते व त्याच्याकडूनच परत मिळतील, अशा अर्थाचे उत्तर राजाला देतो.

येथे परलोकाचे कुतूहल नाही; अन्यायाने मारल्या गेलेल्या माणसाला शेवटचा शब्द मारणाऱ्याचा असू नये, ही मागणी आहे. येशूच्या काळी सदूकी हा पुरोहितवर्गीय व धनिक गट पुनरुत्थान नाकारीत असे, तर परूशी ते मानीत. ज्यांचे या व्यवस्थेत बरे चालले होते त्यांना त्याची फारशी गरज वाटली नाही, असे म्हटल्यास ते पूर्णतः अन्यायाचे होणार नाही.

भीती बाळगून निघालेल्या स्त्रिया

मार्काचे शुभवर्तमान हे चारही शुभवर्तमानांत सर्वांत आधीचे मानले जाते. त्याच्या सायनाय व व्हॅटिकन या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत ग्रंथ सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीच संपतो. तेथे उठलेल्या ख्रिस्ताचे दर्शन नाही. तीन स्त्रिया भल्या पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे जातात, कबर उघडी दिसते, एक तरुण त्यांना येशू उठल्याचे सांगतो आणि त्या थरथरत पळून जातात. भयामुळे त्या कोणालाही काही सांगत नाहीत. पुढील वचने नंतर जोडली गेली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. जगाला आशा देणारी म्हणून जी वार्ता सांगितली जाते, तिचा सर्वांत जुना वृत्तांत भीतीवर थांबावा, हे विलक्षण आहे. त्या काळी ज्यू न्यायव्यवस्थेत स्त्रीच्या साक्षीला पुरुषाच्या साक्षीइतके वजन नव्हते. कथा रचावयाचीच असती तर साक्षीदार म्हणून स्त्रिया निवडल्या गेल्या नसत्या, हा अभ्यासकांचा युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे. त्याने घटना सिद्ध होत नाही. वृत्तांताचा प्रामाणिकपणा मात्र सूचित होतो.

मार्काने नोंदविलेला आणखी एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. कबरेच्या तोंडावरील धोंड आपल्यासाठी कोण लोटील, असे त्या स्त्रिया वाटेत एकमेकींना विचारीत होत्या. उत्तर हाती नसतानाच त्या निघाल्या होत्या. पुनरुत्थानाशी जोडलेले धैर्य कोणत्या जातीचे आहे, ते येथे दिसते. आपल्या भागातील वाचकाला हे दृश्य परके वाटू नये. ईस्टरचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो, म्हणजे नेमका मोहाच्या हंगामात. रात्री गळलेली फुले जनावरांनी खाण्याआधी वेचावी लागतात, म्हणून येथील बाया टोपली घेऊन झुंजुमुंजू होताच रानात शिरतात. वाघाचे भय त्यांना असतेच. भय संपले म्हणून कोणी रानात जात नाही.

थोमाचे चर्च आणि चांदा धर्मप्रांत

१९६२ साली चांदा येथे सिरो-मलबार चर्चचे धर्मक्षेत्र स्थापन झाले आणि १९७७ साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. केरळातून आलेल्या सीएमआय संघाच्या धर्मगुरूंनी येथे कामास आरंभ केला. चंद्रपूर, गडचिरोली व वर्धा हे जिल्हे त्यात मोडतात. १९९९ पर्यंत आदिलाबादचाही भाग त्यातच होता. (त्यापूर्वी, विसाव्या शतकाच्या आरंभी, स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन चांद्यात होते. तेथे काम केलेले अलेक्स वूड पुढे १९२६ साली नागपूरचे बिशप झाले.) या धर्मप्रांताचे मुख्य चर्च बल्लारपूर येथे असून ते संत थोमा यांच्या नावाने आहे. कोळसा आणि कागद यांच्या गावात थोमाचे चर्च असण्यास कारण आहे. सिरो-मलबार ख्रिस्ती लोक आपली परंपरा इ.स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरलेल्या या प्रेषितापर्यंत नेतात.

थोमा हा संशय घेणारा शिष्य होय. इतरांनी सांगितलेल्या वार्तेवर त्याने विश्वास ठेवला नाही. हातांवरील खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय, कुशीतील जखमेत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही, असे तो म्हणाला. त्याबद्दल त्याला मंडळीतून काढले गेले नाही. आठ दिवसांनी तो इतरांबरोबरच होता, आणि त्याला वण दाखविण्यात आले. उठलेल्या देहावर जखमांचे वण तसेच राहिले होते, हा या कथेचा गाभा आहे. विजयाच्या बहुतेक कथांत नायकाचे अंग पुन्हा अखंड, तेजस्वी होते. येथे तसे घडत नाही. झालेला आघात पुसला जात नाही. तो ओळखीची खूण होतो. शोक करणाऱ्याला “झाले गेले विसरा” असे सांगणारी आशा आणि ही आशा यांत मोठे अंतर आहे.

लिंगोचे पुन्हा उठणे

या प्रदेशात मृत्यूनंतर उठण्याची कथा ख्रिस्ती मिशनऱ्यांनी आणली, असा समज असल्यास तो दुरुस्त करावयास हवा. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडमधून १८४५ साली नागपुरास आले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या स्मरणार्थ आहे. धर्मप्रसार, शिक्षण, नागपूर-चांदा भागातील खडक व जीवाश्म आणि गोंड समाज अशा सर्वच विषयांत त्यांनी लक्ष घातले. परधान गायकाकडून मिळालेले गोंडांचे दीर्घ गीत त्यांनी उतरवून घेतले होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे, म्हणजे दफनस्थळे, पाहावयास गेले. परतताना बोरी येथील शाळा पाहण्यासाठी ते मागे राहिले आणि रात्री पूर आलेल्या नाल्यात बुडून मरण पावले. त्यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली.

त्या गीतात लिंगोचा मृत्यू आणि त्याचे पुन्हा उठणे आहे. भावांच्या बायका लिंगोवर खोटा आळ घेतात, भाऊ त्याला मारून त्याचे डोळे काढतात. भगवान त्याचा शोध घेण्यासाठी कावळ्याला पाठवितो, देहावर अमृत शिंपडले जाते आणि लिंगो उठून बसतो. उठल्यावर तो भावांचा सूड घेत नाही. गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडविण्यासाठी निघतो. गुहेच्या तोंडाशी शिळा आहे. ख्रिस्ती वाचकाला येथे साम्य दिसणे स्वाभाविक आहे, परंतु साम्यावर फार भार टाकणे इष्ट नाही. लिंगोचे उठणे वर सांगितलेल्या अर्थाने पुनरुज्जीवन आहे. शिवाय हिस्लॉप-टेंपल पाठावर हिंदू कल्पनांचा रंग चढला आहे, अशी गोंडी अभ्यासकांची हरकत आहे. त्यांच्या परंपरेत पारी कुपार लिंगो हा कोया पुनेमचा प्रवर्तक होय. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला जमणारा समाज त्या गुहेचे स्मरण करतो ते स्वतःच्या परंपरेनुसार. तिला ख्रिस्ती कथेची पूर्वतयारी ठरविणे हा तिच्यावर अन्याय होईल. एवढे मात्र खरे की, अन्यायाने मारलेला माणूस उठतो आणि इतरांना मोकळे करतो, ही गोष्ट या रानाला ठाऊक होती. भामरागडकडील माडिया लोक आपल्या मृतांसाठी दगड उभे करतात. मेलेला माणूस गावातून पूर्णपणे जात नाही, ही जाणीव त्या दगडांमागेही आहे.

अपुरे काम पुढे नेणे

मराठी ख्रिस्ती परंपरेत या श्रद्धेने प्रत्यक्ष आयुष्यात काय केले, हे पाहावयाचे तर दोन स्त्रियांचा उल्लेख आवश्यक ठरतो. पंडिता रमाबाईंनी तरुणपणीच आई-वडील व बहीण यांचा दुष्काळात झालेला मृत्यू पाहिला. १८८० मध्ये भाऊ व १८८२ मध्ये पती गेले. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा, जिच्या हाती केडगावचे मुक्ती सदन सोपवावयाचे होते, तीही गेली. त्यानंतर ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येईपर्यंत रमाबाई मूळ भाषांवरून केलेल्या आपल्या सोप्या मराठी बायबलच्या कामात गढलेल्या होत्या. मुक्तीच्या छापखान्यात ते स्त्रियांनी छापले.

दुसरे नाव लक्ष्मीबाईंचे. नागपूरहून राजनांदगावास, म्हणजे गडचिरोलीच्या ईशान्येकडील त्या वेळच्या संस्थानात, जाताना रेल्वेत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला, आणि १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना त्या मार्गाने जावयास पुढे पाच वर्षे लागली. टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य जेमतेम आरंभापर्यंतच आले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी वैधव्यात ते पुढे लिहिले.

पौलाच्या त्या पंधराव्या अध्यायाचा शेवट परलोकाच्या वर्णनाने होत नाही. तुमचे श्रम व्यर्थ नाहीत म्हणून कामात स्थिर राहा, अशा आशयाच्या सूचनेने तो होतो. या दोघींचे वर्तन त्या सूचनेला धरून होते.

आक्षेप

परलोकाची आशा माणसाला इहलोकातील अन्याय सोसावयास शिकविते, हा मार्क्सचा आक्षेप सर्वश्रुत आहे आणि इतिहासात त्याला आधारही आहे. भुकेल्याला स्वर्गाचे आश्वासन देणारे उपदेशक होऊन गेले आहेत. मक्काबींच्या कथेतील अर्थ बाजूला सारला की ही श्रद्धा खरोखरच अफू होते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी असून तो चंद्रपूरच्या वाचकाला जवळचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली. बुद्धाच्या धम्मात आत्म्याला स्थान नाही. मेलेले मूल उठवून द्या म्हणणाऱ्या किसा गोतमीला बुद्धाने, ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. तशी मोहरी मिळाली नाही आणि तिला सत्य उमगले. लूकाच्या शुभवर्तमानात मात्र नाईन गावच्या विधवेचा मुलगा येशू उठवितो. एका कथेत आई मृत्यू सार्वत्रिक आहे हे जाणून शांत होते, दुसरीत तिचे मूल परत मिळते. पहिली कथा अधिक कठोर आणि बुद्धीला अधिक पटणारी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तथापि दुसरीत एक गोष्ट आहे, जी पहिलीत नाही : हे मूल जाणे योग्य नव्हते, अशी आईची तक्रार तेथे मान्य केली जाते.

दुसरा प्रश्न

त्या विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न असा होता : “देहच पूर्ण सापडला नाही, तर उठणार काय?”

पुढे वाचनात आले की हा प्रश्न नवा नाही. इ.स. १७७ मध्ये गॉलमधील लियों येथे ख्रिस्ती लोकांना श्वापदांपुढे टाकण्यात आले. युसेबियसच्या इतिहासानुसार उरलेले देह जाळून त्यांची राख ऱ्होन नदीत फेकण्यात आली. देहच राहिला नाही म्हणजे पुनरुत्थानाची आशा राहणार नाही, आणि त्या आशेमुळे आलेले धैर्यही संपेल, असा मारणाऱ्यांचा हिशेब होता. तो चुकला. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या खंडात श्वापदांनी खाल्लेल्या, जळालेल्या, पाण्यात विरलेल्या देहांचा प्रश्न घेतला आहे. ज्याने नसलेल्यातून निर्माण केले त्याला विखुरलेले गोळा करणे अवघड नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनावरील बंदी उठविली तीही याच भूमिकेवरून : उठणे हे अस्थी शाबूत राहण्यावर अवलंबून नाही.

पुढच्या सत्रात हे सर्व तिला सांगितले. ती कोणत्याही चर्चशी संबंधित नव्हती आणि झाली नाही. तिने लियों हे गाव नकाशात कोठे आहे ते विचारले, वहीत लिहून घेतले, आणि आई या वर्षीही मोहाला जाते आहे, आता चार-पाच जणी मिळून जातात, असे सांगितले.